साहित्यसंस्था आणि पेडणे-डिचोलीचा लेखक

साहित्यसंस्था लेखकासाठी असतात की लेखक साहित्यसंस्थांसाठी, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. परंतु गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील मराठी लेखनाचा परामर्श घेऊ लागले, की त्यातील थट्टेचा अंश पुष्कळसा ओसरतो. येथे कविसंमेलने होतात, ग्रंथप्रकाशनाचे सोहळे होतात, सत्कार तर होतातच होतात. तथापि एखाद्या होतकरू कथालेखकाला आपले हस्तलिखित कोणी मन लावून वाचावे आणि 'हे साधले, हे फसले' असे स्पष्टपणे सांगावे, असे वाटले तर त्याने कोणाकडे जावे, याचे उत्तर आम्हांस चटकन देता येत नाही. शाळेत तीस-पस्तीस वर्षे मराठी शिकविताना आमच्याकडे अशी हस्तलिखिते आली. आणि ती आमच्याकडे यावीत, याचाच अर्थ ती जेथे जावयास हवी होती तेथे जाण्यास वाट नव्हती.

या भागाचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांच्या अमलाखाली आले. बारदेश, तिसवाडी व साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे मोडली गेली होती आणि 1684 च्या फर्मानाने लोकांच्या भाषेवरच बंदी आली होती. ते भोग नव्या काबिजादींच्या वाट्यास आले नाहीत. देऊळ राहिले, म्हणून कीर्तन राहिले. कीर्तन राहिले, म्हणून मराठी कानावर पडत राहिली. सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे मूळचे पेडणे महालातील पालये गावचे. त्यांचा जन्म 1714 मध्ये शेजारच्या बांद्यास झाला. त्यांना कोणती परिषद वा मंडळ लाभले होते? मठ, भजनी मंडळी आणि पदे उतरून घेणारे शिष्य, एवढाच त्यांचा परिवार. पण तो परिवार ऐकत होता, पाठ करीत होता, आणि नावडलेले विसरतही होता. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज सोहिरोबांचे नाव आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी त्यांचे एखादे पद मुळातून वाचले असेल, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.

1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. वाचनालये निघाली, पत्रे निघाली, गो. पुं. हेगडे देसाई यांचे 'भारत' 1912 चे. पुढे 1926 पासून हुकूमशाहीचा काळ सुरू झाला आणि सेन्सॉरची कात्री हाच येथील लेखकाचा पहिला वाचक झाला. तरीही 1930 मध्ये वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन मडगावास भरले, ही गोष्ट साधी नव्हे. परकी सत्तेखालील मराठी माणसाला आपण एकटे नाही असे त्यातून कळले. संमेलनाचे खरे कार्य तेच. मात्र ते कार्य दर वर्षी नव्याने करावयाचे असते, आणि तेवढ्याने लेखक घडत नाही.

लेखक कशाने घडतो, याचे उदाहरण पेडण्याहून फार दूर शोधावयास नको. तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे. तेथे 1920 ते 1938 ही अठरा वर्षे वि. स. खांडेकर शाळेत शिकवीत होते. त्या खेड्यात साहित्यसंस्था नव्हती. होते ते पोस्ट ऑफिस. आणि त्या पोस्टाच्या दुसऱ्या टोकाला, पुण्या-मुंबईस, मासिकांचे संपादक होते. लेख पाठवावा, तो छापला जावा किंवा परत यावा, वाचकाचे पत्र यावे, अशा देवघेवीत खांडेकरांची लेखणी वाढली. संपादक ही एका माणसाची साहित्यसंस्था असते, असे आम्ही समजतो. खाडीच्या अलीकडच्या तीरावर तीच माती, तीच माडांची राई, तीच बोली. परंतु येथे सरहद्द होती, जकातनाका होता आणि सेन्सॉर होता. तेव्हा पेडण्यात खांडेकर का झाले नाहीत, याची कारणे प्रतिभेच्या वाटणीत शोधण्याआधी टपालाच्या वाटेत शोधावीत.

ज्यांना शक्य होते ते बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड हे पेडणे महालात जन्मलेले. त्यांची कर्तबगारी मुंबईस दिसली. डिचोलीस लागून असलेल्या सत्तरीतील आंबेडे गावचे महादेवशास्त्री जोशी पुण्यास गेले आणि तेथे त्यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. त्यांच्या कथांतील गोमंतकीय खेडे पुण्यात बसून लिहिले गेले आहे, हे विसरू नये. बा. द. सातोसकरांनीही आधी मुंबईत प्रकाशनाचा व्यवसाय केला. मुक्तीनंतर, 1962 मध्ये, ते 'गोमन्तक' दैनिकाचे संपादक म्हणून स्वदेशी आले. त्या दैनिकाने जो लेखकवर्ग उजेडात आणला, तो अनेक मंडळांना मिळून आणता आला नसता.

याच संदर्भात मुंबईच्या दि गोवा हिंदू असोसिएशनचा विचार करावा लागतो. 1919 मध्ये स्थापन झालेली ही संस्था मूळची साहित्याची नव्हेच. नोकरीधंद्यासाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीयांच्या अडीअडचणी दूर कराव्या, हा तिचा उद्देश. पण तिच्या कला विभागाने 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा', 'नटसम्राट', 'संध्याछाया' ही नाटके रंगभूमीवर आणली. कानेटकर व शिरवाडकर नाशिकचे, दळवी आरवलीचे. गोव्याबाहेरच्या लेखकांना गोमंतकीयांच्या संस्थेने रंगमंच दिला, यात औदार्य आहे आणि उत्तम पारखही आहे. संस्थेने नाटककाराला हार घातला नाही, तर त्याचे नाटक नेटकेपणाने उभे केले. लेखकाला याहून मोठा सत्कार आम्हांस ठाऊक नाही. उलटपक्षी, त्याच काळात पेडण्यातील वा डिचोलीतील एखाद्या नाटककाराचे नाव या मालिकेत यावे, असे काही घडले नाही. त्याचा दोष असोसिएशनचा नव्हे. जे लिहिले गेले ते मुंबईपर्यंत पोहोचविणारा दुवाच येथे कोणी निर्माण केला नव्हता.

आणि नाटक तर या भागाच्या हाडीमाशी खिळलेले. जत्रा म्हटली की दशावतार, आणि उत्सव म्हटला की गावकऱ्यांचे नाटक. दशावताराची संहिता लिहिलेली नसते. कथासूत्र ठरते आणि संवाद नट रंगमंचावर रचतो. म्हणजे कागदावर नाव नसलेले शेकडो लेखक येथे रात्रभर बोलत आले आहेत! त्यांचे संवाद उतरून घ्यावेत, कोणी कोणत्या आख्यानात काय भर घातली याची नोंद ठेवावी, हे काम साहित्यसंस्थांनी आपले मानले नाही. ते 'लोककला' या सदरात गेले आणि साहित्याच्या पंक्तीतून उठले. देवळाच्या मंडपातील नाटकाची कथा निराळी. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, ध्वनिक्षेपक यांचा खर्च गावकरी हौसेने वर्गणी काढून करतात. परंतु जमाखर्चाच्या वहीत नाटककाराच्या मानधनाचा रकाना आम्ही क्वचितच पाहिला. गावातील कोणी नवे नाटक लिहिलेच, तर त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. 1970 मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांनी दिग्दर्शक आणि नट यांना शिस्त लावली, हे ऋण मान्य करूनही, संहितेची बाजू लंगडी राहिली असे म्हणणे भाग आहे.

मुक्तीनंतरच्या काळात लेखकाला सर्वांत मोठा आधार कोणी दिला? आमच्या मते भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळांनी. त्यांनी वाचक निर्माण केला; आणि वाचकावाचून लेखकाला दिलेला आधार म्हणजे मुळे तोडून झाडाला घातलेले पाणी. गोमंतक साहित्य सेवक मंडळ, गोमंतक मराठी अकादमी यांसारख्या संस्थांनी पुढे जे केले, ते या शाळांच्या पायावर केले. आज त्याच शाळांपैकी कित्येक पटसंख्येअभावी बंद पडल्या आहेत. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आम्हांलाही झाला. परंतु त्यामुळे पहिलीच्या वर्गातील एकही बाक भरलेला नाही.

संस्थांच्या कार्याला आणखी एक ग्रहण आहे, आणि त्याविषयी गुळमुळीत लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. 1967 च्या जनमत कौलात या दोन्ही तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता. 1987 मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा राहिली. या वादात साहित्यसंस्था पक्षाच्या छावण्या झाल्या. भाषेसाठी लढणे हे गौण काम नव्हे. परंतु छावणीत शिपायाची गणना होते, त्याच्या अक्षराची परीक्षा होत नाही. 'आपल्या बाजूचा' म्हणून सामान्य कवी डोक्यावर घेतला गेला आणि बाजू न घेणारा चांगला लेखक कोपऱ्यात राहिला. पेडण्याच्या बोलीत संवाद लिहिणाऱ्या कथाकाराची अवस्था तर फारच केविलवाणी. एक पक्ष त्याला विचारतो, 'मग कोकणीतच का लिहीत नाहीस?' दुसरा सांगतो, 'हे संवाद शुद्ध करून आण.' त्याची बोली हीच त्याची पुंजी आहे, हे सांगावयास दोहोंकडे सवड नाही. जिच्यातून आई हाक मारते ती बोली आणि जिच्यातून आपण पोथी वाचतो ती भाषा यांत वैर मानण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

कोणाला आत घ्यावयाचे, हा प्रश्न केवळ भाषेपुरताही नव्हता. दादू मांद्रेकर यांच्या 'बहिष्कृत गोमंतक' या पुस्तकाने गोव्यातील दलित वस्त्यांचे जे चित्र समोर ठेवले, ते आमच्या संमेलनांच्या भाषणांतील निसर्गरम्य गोमंतकाशी जुळणारे नाही. देऊळ हा मराठीचा आधार होता असे आम्ही वर लिहिले, ते खरेच आहे. पण त्या देवळाच्या पायरीबाहेर उभे राहून ज्यांनी कीर्तन ऐकले, त्यांनाही ती भाषा तितकीच आपली वाटावी, यासाठी संस्थांनी काय केले? खाणींच्या धुळीने तांबडी झालेली डिचोलीची गावे, 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्यावर रिकामे उभे राहिलेले ट्रक, मोप्याच्या पठारावर 2023 पासून उतरू लागलेली विमाने, हरमल-मोरज्याच्या किनाऱ्यावर बदललेली घरे, ही केवढी सामग्री पडली आहे! कवितेत मात्र अद्याप पारिजातकच फुलतो.

पुस्तके निघत नाहीत असे नाही. लेखक पदरचे पैसे घालून छापतो, कोणी ज्येष्ठ प्रस्तावना लिहितो, प्रस्तावनेत उणीव दाखविणे हा अपशकुन समजला जातो, आणि प्रकाशनसमारंभानंतर गठ्ठे माळ्यावर जातात. अनुदानाने छपाईचा भार हलका होतो. परंतु जे अनुदान हस्तलिखितावर संपादकाची पेन्सिल फिरण्यापूर्वीच मिळते, ते लेखकाचे नुकसान करते असे आमचे मत आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एक सायंकाळ, दहा-बारा माणसे, एकच अप्रकाशित लेखन, तेही लेखकाने मोठ्याने वाचलेले. नंतर चर्चा, आणि चर्चेत लेखकाने बोलावयाचे नाही. हारतुरे नकोत, अध्यक्षही नको. बोलीतील संवाद कानाला कसे लागतात हे तेथे दोन वाक्यांत कळेल. आम्ही आमच्या शाळेच्या हस्तलिखित मासिकासाठी ही पद्धत काही वर्षे चालविली. नववीतील मुलगी दहावीतल्या मुलाच्या कथेतील शेवटचा परिच्छेद काढून टाकावयास सांगे, तो रुसे, आणि पुढच्या खेपेस काढून आणी. या मुलांपैकी जे अजून लिहितात, ते सुटीत गावी आले की वही घेऊन येतात. त्यांना बसावयास वाचनालयाची एक खोली संध्याकाळी साडेसहानंतर उघडी हवी आहे. सध्या ती सहाला बंद होते.