आयरिश प्रेतजागर आणि मृताचे भय

आयर्लंडमध्ये दफनापूर्वी प्रेताजवळ रात्रभर जागण्याची प्रथा होती. घड्याळ थांबवीत, आरसे झाकीत, मातीच्या चिलमी व तंबाखू वाटीत. स्त्रिया सुरात विलाप करीत आणि त्याच घरी शक्तीचे खेळ व लुटुपुटीचे विवाहही चालत. सतराव्या शतकापासून कॅथलिक धर्मसभांनी या खेळांचा वारंवार निषेध केला.

आयरिश लोकसाहित्य आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सुलिव्हान यांनी ही सामग्री आपल्या ग्रंथात (आयरिश १९६१, इंग्रजी १९६७) साक्षेपाने संकलित केली आहे. मृताचा रोष ओढवू नये, त्याची समजूत पटावी, या भावनेत ते खेळांचे मूळ पाहतात.

परंतु या उपपत्तीस एक अडचण आहे. खेळ रंगत ते पिकल्या वयात गेलेल्यांच्या घरी. तरुणाच्या वा अपघाती मृत्यूनंतर केवळ शोक असे. भय हेच मूळ असते, तर अकाली मृताचीच मनधरणी अधिक झाली असती. आरसे झाकण्यामागे भय असेल. खेळांत मात्र पूर्ण झालेल्या आयुष्यास निरोप देणाऱ्या समाजाने आपलेच सातत्य प्रकट केले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. प्रेतासमोरील लुटुपुटीचा विवाह याच अर्थाकडे बोट दाखवितो.