मानकातून निसटलेला ससा

कुत्र्याच्या जातीचे 'मानक' म्हणजे त्या जातीचा आदर्श नमुना शब्दांत मांडणारे दोन-तीन पानांचे टिपण. प्रदर्शनातला परीक्षक ते डोळ्यांपुढे ठेवून गुण देतो आणि पैदासकार त्याच्या आधाराने कोणत्या नराला कोणती मादी द्यायची हे ठरवतो. साहित्याच्या वाचकाने या टिपणाकडे फिरकण्याचे कारण नाही, असे वाटेल. पण कविता वाईट असली तर फार तर कोणी ती वाचत नाही. मानक वाईट लिहिले गेले, तर वीस पिढ्यांनंतर ते चार पायांवर लंगडत चालताना दिसते. हाडामांसावर इतका थेट अंमल चालवणारा मजकूर दुसरा क्वचितच असेल, म्हणून त्याचे परीक्षण मजकूर म्हणूनच व्हायला हवे.

मी निवडलेली जात आपल्या घरातली आहे. लातूर भागात तिला कारवानी म्हणतात; अंगावर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात गेलात की तोच कुत्रा मुधोळ होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद 'कारवान हाउंड' या नावाने करतो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' या नावाने. टपाल खात्याने २००५ साली त्याचे तिकीट काढले तेही मुधोळ म्हणून. एका कुत्र्याला दोन नावे, याला गोंधळ म्हणून सोडून देता येईल. मला त्यात दोन वेगळ्या जन्मकथा दिसतात.

मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे गेले. राजे मालोजीराव घोरपडे यांना भोवतालच्या शिकारी लोकांकडची ही सडसडीत कुत्री आवडली, त्यांनी वाड्यावर त्यांची पैदास केली, विलायतेत पंचम जॉर्ज बादशहांना एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून ही 'मुधोळची कुत्री' झाली, अशी हकीगत सांगतात. या जातीवर मराठीत जे काही लिहिले जाते त्याची सुरुवात बहुधा इथूनच होते. मालोजीरावांनी जातीला आश्रय दिला याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. माझी तक्रार कथेच्या रचनेबद्दल आहे. या कथेत कुत्रा वाड्यात शिरल्यावरच कुत्रा होतो. त्याआधी ज्यांनी तो शेकडो वर्षे राखला ते लोक 'भोवतालचे' एवढ्याच विशेषणात संपतात. उलट कारवान या नावात रस्ता आहे, तांडा आहे, मुक्कामाला पोचल्यावर आज खायला काय हा प्रश्न आहे. पहिल्या नावाने जातीला मालक मिळतो, दुसऱ्याने काम.

आता मानक उघडू. डोके लांब व निमुळते, जबडा लांब आणि बळकट, मान लांब व स्नायूंनी भरलेली, छाती खोल, पोट वर ओढलेले, पुढचे पाय लांब व सरळ, शेपटी बुडाशी जाड, चाल हलकी आणि पाय उचलून टाकणारी; असे अवयवामागून अवयव वर्णन येते. चूक काही नाही. ज्याने कारवानी पाहिला आहे त्याच्या डोळ्यांपुढे तो उभा राहतो. पण उभाच राहतो! या मजकुरात विशेषणे भरपूर आहेत आणि क्रियापदांचा दुष्काळ आहे. छाती खोल कशासाठी? भरधाव पळताना हृदयाला आणि फुप्फुसांना जागा लागते म्हणून. पोट वर ओढलेले का? पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडायचे असतात, तिथे सुटलेले पोट आड येते म्हणून. मान लांब का? पळता पळता, वेग न मोडता, खाली वाकून ससा उचलायचा असतो म्हणून. प्रत्येक विशेषणामागे एक ससा पळतो आहे. मानक लिहिणाऱ्याने तो पुसला आणि त्याने जमिनीवर उठवलेल्या खुणा तेवढ्या जपल्या.

शिकारीचा उल्लेख अशा टिपणांत येतो, पण प्रस्तावनेपुरता. गुण देताना तिला खाना नाही. रिंगणात परीक्षक कुत्र्याला दुडक्या चालीने फिरवून पाहतो. ज्या जनावराचे सगळे शरीर भरधाव पळण्यासाठी घडले, त्याची पारख दुडक्या चालीवर होते. हे म्हणजे तमाशातल्या ढोलकीवाल्याला फक्त बसायला सांगून त्याच्या बैठकीला गुण देण्यासारखे आहे.

लक्षणे मांडण्याची दुसरी रीत असू शकते हे मी पुस्तकांतून नव्हे, म्हशाच्या यात्रेत शिकलो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते आणि तिथला बैलबाजार शहापूर, मुरबाड, कर्जतपासून घाटावरपर्यंत प्रसिद्ध आहे. आमच्याकडचा बैल डांगी. १९५३ साली अन्न व कृषी संघटनेने जोशी आणि फिलिप्स यांचा भारत व पाकिस्तानातील वशिंडाच्या गुरांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात डांगीचे जे वर्णन आहे ते मी वरच्या मानकाशेजारी ठेवून वाचतो. खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण. कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे जोराच्या पावसात जनावर टिकते. चाल मंद, ओढ दमदार. वर्णनात कारण मिसळलेले आहे. पाऊस त्या वाक्यातच आहे, तो वेगळा सांगावा लागत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, भातखाचरात, चिखलणीला जो बैल आठ दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहू शकत नाही तो पुढच्या वर्षी गोठ्यात राहत नाही. त्याचा वंशही वाढत नाही. ही खरी निवड. ग्रंथकारांनी तिचा निकाल लिहून घेतला एवढेच.

बाजारात एका म्हाताऱ्या खरेदीदाराला मी बराच वेळ निरखत होतो. बैलाचे दात पाहण्याआधी तो वाकला, पुढचा पाय उचलून खुराच्या फटीतून अंगठा फिरवला. मग पाठीवर तळवा चोळून नाकाशी नेला. दात त्यानंतर. रंगाचे काय, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "रंगानं काय चिखल व्हतो का?" डांगीत पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे पट्टे-ठिपके असतात, त्या रंगांना गावोगाव वेगवेगळी नावे आहेत आणि हौसेने रंग पाहणारेही आहेत. पण हौस शेवटी येते, हे मला महत्त्वाचे वाटते.

कामाचा कुत्रा घडवताना हाच विचार जर्मनीत एका माणसाने स्पष्टपणे मांडला होता. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या निवृत्त अधिकाऱ्याने १८९९ च्या एप्रिलमध्ये एक मेंढपाळी कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव होरांट ठेवले आणि त्याच महिन्यात जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संघटना काढली. उपयुक्तता हीच सौंदर्याची कसोटी, असा त्याचा आग्रह होता. पुढे मेंढपाळीच कमी झाली तेव्हा त्याने कुत्र्याला पोलिसांकडे आणि सैन्याकडे नवे काम मिळवून दिले. तत्त्व इतके स्वच्छ असूनही त्याला १९२५ च्या प्रदर्शनात मुद्दाम एका वेगळ्या ठेवणीच्या, बुटक्या-लांबट कुत्र्याला अव्वल ठरवावे लागले, कारण तोवर जात उंच आणि चौकोनी होत चालली होती. म्हणजे संस्थापकाला स्वतःच्याच जातीची दिशा प्रदर्शनाच्या रिंगणातून वळवावी लागली. त्याच्या माघारी त्याच रिंगणाने या कुत्र्याची पाठ मागे उतरती करत नेली, आणि आज त्या उताराबद्दल पशुवैद्य बोलतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी दुसरी वाट धरली. त्यांची संस्था १९०६ ची. तिने कुत्र्याच्या रूपाचे मानक लिहिण्याऐवजी मेंढ्या वळवण्याच्या स्पर्धांवर भर दिला. लंडनच्या केनेल क्लबने बॉर्डर कोलीला मान्यता दिली ती १९७६ मध्ये, सत्तर वर्षांनी. त्याच क्लबने पुढे आपल्या मानकांत दोषांविषयीचे वाक्य वाढवले: दोष किती गंभीर हे ठरवताना कुत्र्याच्या आरोग्यावर आणि त्याचे परंपरागत काम करण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होतो तेही पाहावे. उशिरा का होईना, क्रियापद आले.

कारवानीच्या बाबतीत मात्र हे वाक्य नुसते उचलून आणता येत नाही, आणि खरी अडचण इथे आहे. त्याचे परंपरागत काम आज गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर सशामागे कुत्रा सोडणे म्हणजे शिक्षेला पात्र होणे. हा कायदा हवाच होता. आमच्या डोंगरांतले ससे आणि भेकरे यांची अवस्था पाहणारा कोणी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा की परीक्षा गेली आणि उत्तरपत्रिका तेवढी उरली. आता नर-मादी निवडताना हाताशी काय आहे? रूप आणि वंशावळ.

रूपाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नोंदणी, टपाल तिकीट, प्रदर्शने, मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाने उभारलेले केंद्र, या सगळ्यामुळे जातीला किंमत आली. आसपासच्या खेड्यांत पिल्ले विकून घरात चार पैसे येतात. ते आले नसते तर कदाचित आज मी ज्यावर लिहितो आहे तो कुत्राच नसता. २०१६ च्या सुमारास मेरठला सैन्याच्या केंद्रातही मुधोळची पिल्ले गेली. श्टेफानित्सला ते आवडले असते. माझ्या मनात तेवढी शंका येते: डोळ्यांनी शिकार शोधणाऱ्या, मर्जीने पळणाऱ्या कुत्र्याकडून वासाचे आणि हुकुमाचे काम करून घ्यायचे, तर पुढच्या पिढ्यांत निवड कोणत्या गुणांची होणार? नवे काम म्हणजे हळूहळू नवी जात. ते मान्य असेल तर तसे मानकात लिहावे.

डांगीची परीक्षाही आता सुटत चालली आहे, हे सांगितले नाही तर म्हशाचे चित्र फार गोड होईल. संकराच्या सरकारी धोरणाने ओढकामाच्या या जातीला दुधाच्या मापाने मोजले, आणि दूध बेताचे म्हणून तिला कमी लेखले. आता खाचरात पॉवर टिलर आला. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून बाजारात वेगाची चौकशी जास्त ऐकू येते. पळणारा बैल म्हणजे खिलार. मंद चालीचा डांगी तिथे बसत नाही. डांगीच्या वर्णनात पाऊस आहे. पण वर्णनातला पाऊस बैलाला पोसत नाही.

मग कारवानीसाठी काय करता येईल? परदेशात दृष्टीने शिकार करणाऱ्या कुत्र्यांना यंत्राने ओढलेल्या चिंधीमागे मोकळ्या रानात, वळणावळणाने पळवतात आणि वेग, चपळाई, दम, चिकाटी यांना वेगळे गुण देतात. ससा मरत नाही. आपल्याकडच्या क्लबांनी नोंदणीच्या कागदावर अशा पळण्याचा निकाल एका ओळीत द्यायला फार खर्च नाही. जड काम दुसरे आहे, ते म्हणजे परीक्षक शोधण्याचे. पळताना कुत्रा कुठे कापतो, दोन कुत्र्यांपैकी वळवणारा कोण आणि धरणारा कोण, कोणत्या पिल्लात दम आहे हे तिसऱ्या महिन्यात कशावरून कळते, हे ज्यांना माहीत आहे ते आता सत्तरीपलीकडचे आहेत. मी अशा दोघांशी बोललो. कुत्र्याच्या खाण्याबद्दल, पिल्लांच्या नावांबद्दल ते तासभर बोलले. पळण्याकडे गोष्ट वळली की दोघेही माझ्या वहीकडे पाहून गप्प झाले. तिसऱ्या भेटीला वही घरी ठेवून गेलो, तेव्हा जे ऐकले ते या लेखात छापता येत नाही.