# मागे दडलेल्या ओळी

रसग्रहण कवितेचंच करावं असा काही दंडक नाही. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजने घडवलेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्तस्रोत व्यवसाय-प्रणालीतली एक छोटी फाइल मला एखाद्या उत्तम ललित लेखाइतकी वाचनीय वाटते. तिचं नाव ‘हुक्स डॉट पाय’. नवं अ‍ॅप तयार करण्याची आज्ञा दिली की ती आपोआप लिहून मिळते. वरच्या मोजक्या ओळींत अ‍ॅपचं नाव, कर्ता, वर्णन, परवाना. पुढचा जवळजवळ सगळा मजकूर # या चिन्हामागे निजलेला. जी ओळ हवी तिचं # काढायचं, उरलेल्या निजू द्यायच्या.

तिचा अर्थ कळायला मुकुटबनला जाऊ. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं, तेलंगणाच्या सीमेलगतचं हे गाव. 2022 पासून मोठ्या सिमेंट कारखान्याचं, पण भोवतालची शिवारं कपाशीची. समजा, इथल्या एखाद्या जिनिंगवाल्याने ईआरपीनेक्स्ट घेतलं. खरेदी, साठा, हिशेब सगळं तयार मिळेल. कापसातली ओल नोंदायला मात्र रकाना नाही, आणि ओल 8 टक्क्यांवर गेली की भाव कापावा लागतो. शिवाय या प्रणालीची उत्पादनाची मांडणी अनेक कच्च्या मालांतून एक पक्का माल, अशी. जिनिंगचं उलट: एका कापसातून रुई आणि सरकी दोन्ही, क्विंटलमागे रुई साधारण 33 ते 35 किलो.

मग मूळ खरेदी पावतीचाच कोड बदलायचा का? इथे फाइलचं शहाणपण दिसतं. भाडेकरूने भिंतीत खिळे ठोकू नयेत, घरमालकाने लावलेल्या खुंट्यांवर टांगावं, तसा हा करार. ‘ही पावती पक्की झाली की माझं अमुक काम चालव’ एवढंच अ‍ॅप सांगतं. ओलीचा रकाना अ‍ॅप बसवताना जोडला जातो. काढताना तो उचलण्याची सोयही याच फाइलमध्ये आहे, फक्त ती ओळ जागी करायला हवी. अ‍ॅपला मूळ प्रणालीचा गाभा माहीत असतो, गाभ्याला अ‍ॅपची खबर नसते. हे एकतर्फी अज्ञान मला या रचनेतलं सर्वांत देखणं कलम वाटतं. गाभ्याची नवी आवृत्ती आली तरी जिनिंगवाल्याचं काम सहसा त्यामुळेच तगतं.

ही शिस्त सुरुवातीपासून नव्हती. आरोग्य, शिक्षण, शेती, आतिथ्य, स्वयंसेवी संस्था ही सगळी दालनं एके काळी गाभ्यातच होती. दवाखान्याच्या पानांचं ओझं हार्डवेअरच्या दुकानानेही वाहायचं! 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत ती बाहेर काढून स्वतंत्र अ‍ॅप झाली. मनुष्यबळ आणि पगार वेगळे निघाले, भारतातल्या जीएसटीचंही निराळं अ‍ॅप झालं. चांगला संपादक आवडता परिच्छेदही कापतो, त्या जातीची ही कात्री.

कापलेल्यांत शेतीचं दालन होतं, आणि ते वाचण्यासारखं आहे. पेरणीची तारीख दिली की पीक-चक्र त्यातून एक प्रकल्प उभा करतं. कितव्या दिवशी कोणतं काम, हे पिकाच्या नोंदीतून येतं. मध्येच रोग आढळला तर त्याच्या उपचाराची कामंही यादीत शिरतात. शेतीसाठी नवी यंत्रणा न रचता गाभ्यातलं प्रकल्प-व्यवस्थापनच वापरलं, ही काटकसर मला फार आवडते. बोंडअळीने पोळलेल्या यवतमाळात असा कोणी विचार केला होता हे कळलं तर बरंच वाटेल.

दोष आहेतच. दोन अ‍ॅप एकाच घटनेला बिलगली तर दोघांचीही कामं चालतात. पण दोघांनी एकाच दस्तऐवजाचा वर्गच बदलला, तर शेवटी बसवलेल्याचं चालतं, पहिल्याचं निमूटपणे बाजूला पडतं. फाइल याबद्दल इशारा देत नाही. दुसरं असं की वेगळं झालेलं अ‍ॅप सांभाळायला स्वतःची माणसं लागतात. मनुष्यबळाच्या अ‍ॅपला ती मिळाली. शेतीच्या अ‍ॅपवर तितके हात फिरले नाहीत.

ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल 3, ज्या फ्रॅपे चौकटीवर ते उभं आहे तिचा एमआयटी. प्रणाली आणि चौकट दोन्ही कोणीही उतरवून घ्याव्यात. वणी-पांढरकवडा भागातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी आणखी एक ग्रंथालय-व्यवस्था लिहिण्यापेक्षा जिनिंगचं अ‍ॅप हाती घ्यावं. सुरुवात ओलीच्या रकान्यापासून करा.