सासरी मिळालेले नाव

भूमच्या आमच्या घरात आजीचे नाव लक्ष्मी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले, सासरचे. माहेरचे नाव कधी कुणी उच्चारले नाही. ती गेल्यावर या नावाच्या कलाकृतींची एक खासगी निवड मी करू लागलो. हे नाव त्यांना कुणी दिले, असा प्रश्न प्रत्येकीपाशी पडत गेला.

पहिली मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातली. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत ती १९३८ साली मायूरी यांच्या उत्खननात सापडली. हस्तिदंताची, सुमारे २५ सेंटीमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली पण जवळपास विवस्त्र, दोहो बाजूंना छोट्या परिचारिका. तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले. मात्र हाती कमळ नाही, भोवती हत्ती नाहीत. डोक्यात भोक आहे. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा आधार असावी. आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात.

तिचे गणगोत आमच्याच मराठवाड्यात आढळते. आमच्या जिल्ह्यातले तेर हे ‘पेरिप्लस’मधले तगर, इथला माल गाड्यांतून भडोचला जाई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि भोकरदनच्या उत्खननातला मोडका अवशेष यांच्या आधारे पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी, असे मत मांडले गेले. मला ते ओढ लावते. पण तिच्या बैठकीवरचे खरोष्ठी अक्षर वायव्येकडे बोट दाखवते, हे आपल्या मातीच्या प्रेमापोटी झाकू नये.

याउलट भारहुतच्या स्तूपावरील एका स्त्रीशिल्पाशेजारी त्याच काळात ब्राह्मीत ‘सिरिमा देवता’ असे कोरले गेले. सिरि म्हणजे श्री. इथे नाव नंतरच्या संग्राहकाचे नाही, शिल्पाच्याच काळाचे आहे. पण तिच्याही हाती आपल्या ओळखीचे कमळ नाही.

मग आपल्या डोळ्यांपुढची लक्ष्मी कुठली? कमळावर उभी, चार हातांची, साडी नेसलेली, शेजारी हत्ती: ती राजा रविवर्म्याची. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून अशी चित्रे घराघरांत गेली. आमच्या देवघरातही तीच होती. या छापील रूपाची सवय इतकी मुरली, की जुन्या मूर्तीही आपण तिच्याच मापाने मोजतो.

म्हणून संग्रहालयातल्या पाटीवरचे नाव हा मूर्तीचा परिचय न मानता तिच्या प्रवासातला एक टप्पा मानावा, असे मला वाटते. नेपल्सच्या बाईला ‘लक्ष्मी’ हे नाव सासरी मिळाले. तिचे माहेरचे नाव शोधण्याचे काम अजून बाकी आहे. आजीचे मात्र विचारायला आता घरात कुणी उरलेले नाही.