सव्वा लाखाचा आवाज कोणाला ऐकू येतो?

मागच्या लेखात आपण शून्य परिकल्पना म्हणजे काय ते पाहिलं. आजचं उदाहरण पुस्तकातलं नाही, वणीतलं, माझ्या मामांच्या घरातलं आहे.

मामा कोळसा खाणीतून निवृत्त झाले. आयुष्यभर ड्रिल आणि डंपरच्या आवाजात काम केलं आणि घरी आल्यावर भीमसेन, किशोरीताई ऐकल्या. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी सव्वा लाखाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि अठरा हजारांची स्पीकर केबल घेतली. आता नवे स्पीकर घ्यायचं चाललं होतं. कारण एकच, "तानपुऱ्यात पहिल्यासारखी चमक येत नाही." मी म्हटलं, "मामा, आधी तपासून तर पाहू, फरक खरंच पडतो का." ते म्हणाले, "अबे, तुह्या पीएचडीले कान हायेत का? मले ऐकू येते ना!"

"मला ऐकू येतं" हे विधान खोटं नसतं. पण ते पुरावा कधी ठरतं, हा आजचा विषय.

हाय-फायची परीक्षणं वाचा. "पडदा उठल्यासारखा आवाज", "सुरांमध्ये हवा खेळते" अशी वाक्यं भरपूर. पण परीक्षकाने यंत्र न पाहता ऐकलं का, दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा लावला होता का, किती वेळा ओळखलं, हे बहुतेक ठिकाणी नसतं. म्हणजे निष्कर्ष आहे, पद्धत नाही. तुमच्या प्रबंधात असं चाललं असतं का?

हे का महत्त्वाचं, ते 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं. हार्मन कंपनीतल्या 40 जणांना त्यांनी चार स्पीकर ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना गुण वाढले, छोट्या स्वस्त संचाचे घसरले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. यंत्र दिसत असताना ऐकणाऱ्यांना हा खरा फरकही कमी जाणवला. म्हणजे पूर्वग्रहामुळे नसलेला फरक ऐकू येतो, आणि असलेला फरक निसटतोही.

आता आमचा प्रयोग. जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि नवा, स्पीकर तेच. पहिल्या दिवशी मला आणि मामांना, दोघांनाही नवा सरस वाटला. मी गप्पच झालो. रात्री लक्षात आलं की मी आवाजाची पातळी जुळवलीच नव्हती. नवा किंचित मोठ्याने वाजत होता, आणि थोडासा मोठा आवाज कानाला 'मोठा' नाही, 'चांगला' वाटतो. मामांची चूक काढायला निघालो होतो आणि चूक माझीच निघाली.

दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून दोन्हींचं व्होल्टेज 1 टक्क्याच्या आत जुळवलं. म्हणजे फरक 0.1 डेसिबलच्या आसपास. मामेबहिणीने चादरीमागे बसून नाणं उडवायचं, छापा-काट्याप्रमाणे वायर बदलायची. मलाही दिसणार नाही, मामांनाही नाही. एकूण 16 फेऱ्या. आधीच ठरवलं, 12 किंवा जास्त बरोबर आले तर मामा जिंकले. 12 का? निव्वळ अंदाजाने तेवढे जमायची शक्यता 3.8 टक्के आहे, म्हणजे नेहमीच्या 5 टक्क्यांच्या रेषेखाली. ही रेषा प्रयोगाआधी ठरवायची, आकडे पाहून नाही.

मामांचे 9 बरोबर आले. अंदाजाने 9 किंवा जास्त जमायची शक्यता 40 टक्के.

मग सिद्ध झालं का, की फरक नाही? नाही! इथे बरेच विद्यार्थी घसरतात. 16 फेऱ्यांत फक्त ठळक फरक पकडता येतो. शिवाय वायर बदलायला आम्हाला अर्धा मिनिट लागायचा, तेवढ्यात कानातली आठवण विरते. आमचा प्रयोग एवढंच सांगतो की फरक असलाच तर तो सहज कळण्याइतका मोठा नाही.

हाच धडा मोठ्या संशोधनातही दिसतो. 2007 साली मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या दर्जावर उतरवून, असं दोन्ही ऐकवलं. 554 पैकी 276 उत्तरं बरोबर, म्हणजे 49.8 टक्के. नाणेफेकच. नंतर आक्षेप आला की वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ मुद्रणच त्या दर्जाचं नव्हतं. आक्षेप रास्त आहे. 2016 साली जोशुआ रीस यांनी अशा 18 प्रयोगांचे निकाल एकत्र केले. साडेबारा हजारांहून जास्त फेऱ्या, आणि बरोबर उत्तरं 52.3 टक्के. प्रशिक्षित लोकांचं प्रमाण त्याहून जास्त.

हाय-फायवाले म्हणतात, "बघा, सिद्ध झालं!" विरोधक म्हणतात, "फक्त 52!" दोघंही अर्धंच वाचतात. एवढ्या फेऱ्यांत 52.3 टक्के योगायोगाने येणं जवळपास अशक्य आहे, म्हणून फरक सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ. पण 100 वेळा ऐकल्यावर नाण्यापेक्षा दोन-तीन उत्तरंच जास्त बरोबर येतात, म्हणून परिणाम फार लहान. 'फरक आहे का' आणि 'फरक केवढा आहे' हे दोन वेगळे प्रश्न. पैसे मोजायचे ते दुसऱ्याच्या उत्तरावर.

केबलसाठी तर कानही नको, गणित पुरे. वणीच्या बाजारात मिळणारी दीड एमएमची तांब्याची वायर घ्या. स्पीकर 5 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर, रोध साधारण 0.11 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरला आवाजात घट सुमारे 0.12 डेसिबल. मान वळवली तरी याहून जास्त फरक पडतो.

खरा फरक स्पीकर आणि खोली करतात. मामांची खोली 12 बाय 10, खाली फरशी, भिंती उघड्या. 12 फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, कोणताही अ‍ॅम्प्लिफायर लावा. मागच्या भिंतीला आम्ही घरातली कापसाची गादी उभी केली तर गाण्याचे शब्द स्पष्ट झाले. खर्च शून्य. (47 हर्ट्झचा घुमारा मात्र गादीने जात नाही. त्या लहरीची लांबी 7 मीटरच्या वर, तिला चार इंच कापूस काय करणार!) मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 साली उभं राहिलं तेव्हा ध्वनिरचनेसाठी सिरिल हॅरिस यांच्यासारखा तज्ज्ञ आणला, तो याचसाठी. आधी जागा, मग यंत्र.

आता मूळ तक्रार. तानपुऱ्याची चमक. खोली तपासताना मी एकेक शुद्ध सूर वाजवत होतो. 1000 हर्ट्झ, मामांनी हात वर केला. 2000, केला. 4000 ला उशिरा केला. 8000 चा सूर माझ्या कानात टोचत होता आणि मामा माझ्याकडे पाहत म्हणाले, "लाव ना बे."

मी लावलेलाच होता.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला. 4000 हर्ट्झजवळ आलेख खाली गेलेला. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलेल्यांचा तो नेहमीचा आलेख आहे. तानपुऱ्याची चमक असते ती वरच्या स्वनांत, आणि तिथेच मामांचा कान थकला होता. अ‍ॅम्प्लिफायर महाग घेऊन ती परत येणार नव्हती. आम्ही सगळे यंत्राकडे पाहत होतो. मीसुद्धा. माझी पद्धत दुसऱ्या दिवशी बरोबर होती, पण प्रश्न चुकीचा होता.

तर महागडं हाय-फाय घ्यावं का? माझं मत असं. पैसा आधी स्पीकर आणि खोलीवर घाला. अ‍ॅम्प्लिफायर पुरेशा ताकदीचा, वायर पुरेशी जाड, बस. त्याच्या वरचे पैसे देखणेपणाचे आणि हौसेचे. हौस करायला हरकत नाही, फक्त तिला आवाज म्हणू नका. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर सगळ्यात आधी ऑडिओग्राम.

मामांनी नवे स्पीकर घेतले नाहीत, श्रवणयंत्राची चौकशी चालू आहे. अ‍ॅम्प्लिफायर परत करायचा का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. दिसते छान."

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या प्रस्तावातला संशोधन प्रश्न कागदावर लिहा आणि खाली लिहा, "या प्रश्नात मी कोणती गोष्ट ठीकच आहे असं धरून चाललोय?" आमच्या प्रश्नात ती गोष्ट म्हणजे मामांचे कान होते.