तालिकेबाहेरचे शाहीर

ग्रंथालयाची तालिका म्हणजे नुसती कार्डांची पेटी नव्हे. 'कृती' कशाला म्हणायचे आणि कर्ता कोणाला, याचा निवाडा तिथे होतो. म्हणून मी तो वाङ्मयीन प्रश्न मानतो.

१९९८ साली ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, 'इफ्ला'ने, कृतीची व्याख्या केली : स्वतंत्र बौद्धिक वा कलात्मक निर्मिती. तिचा पाठ किंवा गायन हा आविष्कार. पुस्तक वा ध्वनिफीत हे नंतरचे रूप. छापले गेल्याशिवाय कृती नाही, अशी अट त्यात नाही.

आता वामनदादा कर्डकांचे गीत घ्या. दादांनी ते रचले. गावोगावच्या गायकांनी आपापल्या चालीत गायिले, कुठे शब्दही बदलले. 'मूळ संहिता कोणती?' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ही व्याख्याच उत्तर देते : कृती एक, आविष्कार अनेक.

व्यवहार मात्र वेगळा. तालिकाकार हातातल्या पुस्तकाची नोंद करतो. १९७८च्या आंग्ल-अमेरिकन नियमांत तिघांहून अधिक कर्ते असले की पहिल्याचेच नाव राहत असे, बाकीचे 'इतर'. नियम काटकसरीचा होता, जातीचा नव्हे. पण समूहाने घडवलेल्या साहित्यावर घाव त्याचाच बसला. शाहिराचे नाव तालिकेत नाही, म्हणून विद्यार्थी प्रबंधात लिहितो, 'साहित्य उपलब्ध नाही.' आणि पुढचा अभ्यासक तेच प्रमाण मानतो!

२०१०च्या 'आरडीए' नियमांनी तिघांची ही मर्यादा काढली. आता सबब उरलेली नाही. संग्रहातल्या प्रत्येक शाहिराची नोंद करा, ध्वनिफितीवरच्या गायकाचीही करा. आम्ही सवलत मागत नाही. व्याख्या तुमचीच आहे. ती आम्हालाही लावा.