ग्रहणाआधीचा उजेड

केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हातात घेणारा वाचक पहिल्याच खंडात दचकतो, पण चुकीच्या कारणासाठी. एक डोळा गेलेला, डाव्या हाताच्या जागी तोफ बसवलेला गट्स माणसापेक्षा उंच तलवारीने राक्षसांना उभा चिरत सुटतो. रक्त, आतडी, किंकाळ्या. १९८९ साली ही मांगा सुरू झाली तेव्हा मिउरा विशीतच होते, आणि ते वय पानापानावर दिसतं. मला हे सुरुवातीचे खंड आजही कच्चे वाटतात. ‘डार्क फँटसी’ म्हणून जे काही खपतं ते सगळं त्यांत आहे. जीव मात्र कुणात अडकत नाही.

तो अडकतो तिसऱ्या खंडापासून, कथा मागे वळते तेव्हा. भाडोत्री सैनिक म्हणून वाढलेला पोरका गट्स, त्याला लढाईत हरवून आपल्या टोळीत घेणारा देखणा ग्रिफिथ, आणि त्या टोळीत पुरुषांच्या बरोबरीने तलवार चालवणारी कास्का. पुढचे जवळजवळ दहा खंड राक्षस क्वचितच दिसतात. लढाया, दरबारातली कारस्थानं, थट्टामस्करी, रुसवे. एका रात्री गट्स आणि कास्का उंचावरून खाली पसरलेल्या छावणीकडे बघत उभे असतात. तंबूतंबूपुढे शेकोट्या पेटलेल्या. गट्सला वाटतं, यातली प्रत्येक शेकोटी म्हणजे कुणाचं तरी लहानसं स्वप्न, ग्रिफिथच्या मोठ्या जाळात आणून टाकलेलं. आपली मात्र त्यात नाही. म्हणून तो टोळी सोडतो, आणि तिथून ग्रिफिथची घसरण सुरू होते.

बाराव्या-तेराव्या खंडांतलं ‘ग्रहण’ असह्य होतं ते या शेकोट्यांमुळे. राजाच्या तुरुंगात वर्षभर छळ सोसून लुळापांगळा झालेला ग्रिफिथ आपलं स्वप्न पुरं करण्यासाठी सगळ्या साथीदारांचा बळी देतो. मरतात ती नावागावाची, ओळखीची माणसं. कास्कावरचं प्रेम शेवटपर्यंत ओठांवर न आणता जुडो तिच्यासमोर प्राण सोडतो. आयुष्यभर कुरकुर करणारा कॉर्कस हे सगळं स्वप्नच आहे असं स्वतःला समजावत मरतो. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला सवय असते ती अखेरच्या क्षणी त्यांतले तारणहार समर्थ येतील याची. इथेही एक तारणहार येतो. त्याच्या हाती लागतात दोनच जिवंत माणसं, आणि त्यांतल्या एकीचं मन शाबूत नाही.

‘बर्सर्क’नंतर या वाटेने गेलेल्यांनी तिचा अंधार उचलला, त्याआधीचे दहा खंड उचलले नाहीत. ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी या मांगाचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. त्यांनी निदान तिची ओसाड भव्यता तरी ओळखली. बाकी बऱ्याच ठिकाणी अवजड तलवार आणि चिडका नायक एवढंच पोचलं. २०१६च्या ॲनिमेशन मालिकेची गत तर आणखी वाईट. चिलखताच्या एकेका पत्र्यावर मिउरा शाईच्या बारीक रेघांची जाळी विणत, तिथे संगणकाने घडवलेल्या गुळगुळीत बाहुल्या आल्या. चित्रातला भार गेला, तशी कथाही हलकी वाटू लागली.

मिउरांवर जीव असला तरी दोन गोष्टी माझ्या गळी उतरत नाहीत. पहिली, कथेतलं कुशाण साम्राज्य. गनिष्का नावाचा सम्राट, मकर आणि पिशाच म्हणून ओळखले जाणारे अक्राळविक्राळ प्राणी, हत्ती, पगड्या. युरोपीय मध्ययुगाचा बारकावा जिवापाड जपणारा हा चित्रकार पूर्वेकडे वळला की थेट जत्रेतला पडदा रंगवतो. सिलातसारखं एखादं पात्र सोडलं तर त्या बाजूला चेहरेच नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ग्रहणात कास्कावर होणारा अत्याचार मिउरा ज्या कोनांतून आणि जितका वेळ दाखवतात, त्यात तिच्या वेदनेपेक्षा तिच्या देहावर नजर जास्त रेंगाळते. त्यानंतर टोळीतली ही सर्वांत खंबीर सेनानी बाळबुद्धीची, अबोल होऊन गट्सच्या मागे फरफटत राहते. कथेत काही वर्षं जातात, वाचकांच्या आयुष्यात मात्र दोन दशकांहून जास्त. ती भानावर येते २०१८च्या सुमारास. हे सोसणं कुणाचं, असा प्रश्न पडला तर उत्तर बहुतेक पानांवर गट्सचंच निघतं. कास्काचं दुःख त्याच्या रागाला सरपण पुरवतं.

मे २०२१ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मिउरा महाधमनी फाटून गेले. मालिका अर्धवट राहिली. पुढच्या वर्षी त्यांच्या ‘स्टुडिओ गागा’तल्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली. देखरेख कोजी मोरींची. ते मिउरांचे शाळेपासूनचे मित्र आणि स्वतः मांगाकार. मिउरांनी अनेक वर्षांपूर्वी शेवटापर्यंतची कथा आपल्याला सांगितली होती, आणि त्यांनी सांगितलं तेवढंच लिहू, असं मोरींनी जाहीर केलं.

नव्या प्रकरणांतली रेघ हुबेहूब उतरली आहे. ज्या हातांनी वर्षानुवर्षं मागच्या भिंती आणि झाडं भरली, तेच हात आता चेहरे काढताहेत. नाही उतरलेली ती उसंत. मिउरा एका नजरेसाठी अख्खं पान खर्च करत, संवादाविना. आता घटना भराभर येतात, जणू ऐकलेली गोष्ट विसरायच्या आत सांगून टाकायची घाई असावी. एल्फांचं बेट बुडतं, गट्स कोसळतो, कथा कुशाणांच्या मुलखाकडे वळते. आणि नुकती कुठे बोलू लागलेली कास्का पुन्हा ग्रिफिथच्या कैदेत. हे वळण मिउरांनी मित्राला सांगितलेलं असेलही. पण या खेपेस तिथल्या बंद खोलीत काय घडतं ते तिच्या डोळ्यांनी दिसणार की पुन्हा गट्सच्या, हे ठरवणं आता चित्र काढणाऱ्यांच्या हातात आहे.